मेल सगळी कॉपी झाली, मग गेली कुठं?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतली किंवा उद्यमनगरातली एखादी फाउंड्री घ्या, पंचवीस-तीस जणांचं ऑफिस, स्वतःचा मेल सर्व्हर, त्यावरच सगळ्यांची कॅलेंडरं, कॉन्टॅक्ट, शेअर केलेले फोल्डर. अशा सर्व्हरला ग्रुपवेअर म्हणतात. मशीन जुनं झालं की नवीन आणायचं आणि बॅकअप त्याच्यावर टाकायचा, एवढंच तर काम, असं मालकाला वाटतंय आणि खरं सांगायचं तर बऱ्याच आयटीवाल्यांनाबी वाटतंय. मग सोमवारी सकाळी परचेसवाला बोंबलतो की माझी मेल गेली, आणि डिस्कवर बघावं तर एक फाईल कमी नाही.

भानगड अशी की तुमची मेल एका जागी नसतेच. झिंब्रा नावाचं ग्रुपवेअर घ्या, त्यात मेलचा मजकूर फाईल म्हणून डिस्कवर पडलेला असतो, ती कुणाची, कुठल्या फोल्डरात, वाचली का नाही हे सगळं डेटाबेसमध्ये, सर्चसाठीचा इंडेक्स तिसरीकडं, आणि अकाउंट, पासवर्ड वगैरे एलडॅप नावाच्या डिरेक्टरीत. नुसत्या फायली उचलून नेल्या तर अख्ख्या ऑफिसचे कागद सुट्टे करून एका पोत्यात भरल्यासारखं होतं. डव्हकॉट नावाच्या मेल सर्व्हरवर मेलडिर पद्धत, म्हणजे एका मेलची एक फाईल, असेल तर जरा बरं, तिथं मेल वाचली का नाही हे फाईलच्या नावातच शेवटी एका अक्षरानं लिहिलेलं असतं.

पण खरी मेख अकाउंटमध्ये. आपल्याला अकाउंट म्हणजे नाव दिसतं, सर्व्हरला दिसतो एक लांबलचक आयडी. नवीन सर्व्हरवर त्याच नावाचं अकाउंट हातानं बनवलं की त्याला नवा आयडी मिळतो, आणि "डिस्पॅचचं कॅलेंडर अकाउंट्सवाल्यांनी बघायचं" ही परवानगी जुन्या आयडीच्या नावावरच राहते. नाव तेच, पण सर्व्हरच्या लेखी माणूस वेगळा. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हरमध्ये तर याची कमाल आहे, ऑफिसातल्या ऑफिसात पाठवलेल्या जुन्या मेलला रिप्लाय दिला की बाऊन्स, म्हणजे मेल परत, कारण त्या जुन्या मेलच्या आत ईमेल पत्ता नसतोच, सर्व्हरचा स्वतःचा जुना अंतर्गत पत्ता असतो आणि तो नव्या सर्व्हरला माहीतच नाही. उपाय सोपा आहे, तो जुना पत्ता नव्या अकाउंटला जादा पत्ता म्हणून जोडायचा, पण हे आधी ठाऊक पाहिजे.

फोल्डरांच्या नावाचा एक प्रकार तर खास आपल्याकडचा. प्रत्येक पार्टीचा वेगळा फोल्डर करायची सवय आणि नाव काय, तर "मे. अमुक अँड सन्स". आता डव्हकॉटच्या मेलडिरमध्ये टिंब म्हणजे फोल्डरच्या आतला फोल्डर. झालं, "मे" नावाचा एक फोल्डर आणि त्याच्या पोटात शंभर पार्ट्या. फोल्डरचं नाव मराठीत असेल तर आणखी मजा, जुन्या आयमॅपमध्ये (सर्व्हरवरची मेल फोन-लॅपटॉपवर दाखवायची पद्धत) इंग्रजीशिवायची अक्षरं एका वेगळ्याच सांकेतिक रूपात साठवतात, ते उलगडलं नाही तर "बिलं" ऐवजी अगम्य अक्षरांची ओळ दिसते.

तारखेचंही तसंच. मेलच्या आत पाठवल्याची तारीख असते, पण सर्व्हर आपली वेगळी नोंद ठेवतो की ही आली कधी. रिस्टोअर करताना, म्हणजे बॅकअप परत चढवताना, ती नोंद सोबत दिली नाही तर दहा वर्षांची मेल आजच आली असं दिसतं. आणि आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला नंबर, प्रत्येक फोल्डरला त्या नंबरांच्या खरेपणाचा शिक्का असतो. तो शिक्का बदलला की फोन आणि लॅपटॉप आपल्याकडची कॉपी टाकून सगळं परत ओढायला लागतात. 25 जण, प्रत्येकी 10 जीबी, म्हणजे 250 जीबी, 100 एमबीपीएस लाईन पूर्ण वेगानं चालली तरी साडेपाच तास, आणि ती पूर्ण वेगानं कधी चालते ते सांगा.

कॅलेंडरात वेळेची चूक झाली की लगेच कळतं: 11 वाजताची मीटिंग 5:30 ला दिसली की समजायचं जागतिक वेळेचा आकडा कुणीतरी आपली वेळ म्हणून वाचलाय.

हे सगळं बॅकअप धड असेल तर. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड ठेवणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरनं चुकून चालू डेटाबेस उडवला, मग बघतायत तर रोजचे बॅकअप कधीपासूनच होत नव्हते, कारण बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचं. बॅकअप फेल झाला असं सांगणारे ईमेल सिस्टीम पाठवत होती की, पण ते मेलच रिजेक्ट होत होते! सहा तास आधी योगायोगानं घेतलेल्या एका कॉपीवर ते वाचले. म्हणून बॅकअप एखाद्या फालतू जुन्या पीसीवर आधी उघडून बघायचा, दोन-चार अकाउंटं लावून. आणि तो सर्व्हरशेजारच्या कपाटात ठेवू नका हो. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. एक कॉपी गावाबाहेर पाहिजेच.

बदलायच्या दिवशी मेल बुडेल म्हणून घाबरायचं मात्र कारण नाही. समोरचा सर्व्हर सहसा चार-पाच दिवस परत परत प्रयत्न करत राहतो. फक्त डीएनएसमधली (इंटरनेटची पत्त्यांची वही) एमएक्स नोंद, म्हणजे तुमची मेल कुठल्या सर्व्हरवर टाकायची ती, जगभर किती वेळ लक्षात ठेवायची तो आकडा एक-दोन दिवस आधी कमी करून ठेवा. आणि झिंब्राच्या इम्पोर्टमध्ये डुप्लिकेटचं काय करायचं असं विचारतो तिथं "रीसेट" निवडू नका, तो आधी असलेलं पुसतो, म्हणजे रिस्टोअर चालू असताना नव्या सर्व्हरवर येऊन पडलेली मेल गेलीच. "स्किप" निवडा, दोनदा चालवलं तरी काही बिघडत नाही.