व्हॉल्व्हचा आवाज आणि टक्क्यांचा हिशेब

फिलिप्सच्या ईएल८४ या व्हॉल्व्हचं (सिग्नल मोठा करणाऱ्या काचेच्या निर्वात नळीचं) माहितीपत्रक आजही सहज सापडतं. एकटा ईएल८४ २५० व्होल्टवर चालवला तर ५.७ वॅट देतो असं त्यात लिहिलं आहे आणि शेजारीच त्या वेळचं डिस्टॉर्शन, म्हणजे आवाजातली विकृती, छापलं आहे: १० टक्के. कंपनीने आकडा लपवलेला नाही, त्याबद्दल संकोचही दाखवलेला नाही. आपल्याकडे मर्फी, बुश, फिलिप्सच्या ज्या व्हॉल्व्ह रेडिओंवर एका पिढीने बातम्या आणि नाट्यगीतं ऐकली, त्यांतल्या बहुतेकांच्या शेवटच्या टप्प्यावर असाच एखादा एकटा पेंटोड (पाच इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह) काम करत असे. त्या आवाजाला लोक गोड म्हणत आणि अजूनही म्हणतात. उलट आज बाजारातला साधा ॲम्प्लिफायर ०.०१ टक्क्याचा दावा सहज करतो, म्हणजे हजारपट स्वच्छ, आणि तरी तो ऐकून कुणी हरखून जात नाही.

एवढ्यावरून ‘कान खोटे की मीटर खोटा’ हा वाद पेटतो आणि तो गेली पन्नासेक वर्षं विझलेला नाही. माझ्या मते दोघेही खरं बोलतात. टक्क्याचा हा आकडा कुठून आला, कशासाठी इतका महत्त्वाचा ठरला, हे पाहिलं की वादातली बरीच हवा निघून जाते.

ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये ऑडिऑन हा व्हॉल्व्ह बनवला आणि तारेवरचा क्षीण आवाज मोठा करण्याची सोय झाली. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोनवर बोलणं सुरू झालं, ते वाटेत व्हॉल्व्हचे रिपीटर (क्षीण झालेला आवाज मोठा करून पुढे पाठवणारी यंत्रं) बसवल्यामुळे. पुढे एकाच तारेवरून अनेक संभाषणं वेगवेगळ्या फ्रीक्वेन्सीवर पाठवायला सुरुवात झाली आणि खरी अडचण उभी राहिली. व्हॉल्व्ह पूर्णपणे सरळ रेषेत काम करत नाही. त्या किंचित वाकडेपणामुळे एका संभाषणाचा अंश दुसऱ्यात मिसळतो. रिपीटर जेवढे जास्त, तेवढी ही भेसळ साचत जाणार. आवाज गोड लागतो की कडू, हा प्रश्न तिथे नव्हताच. तिसऱ्याच माणसाचं बोलणं आपल्या कानात येऊ नये, एवढीच मागणी होती.

बेल लॅबोरेटरीजमधला हॅरल्ड ब्लॅक याच्याच मागे लागला होता. २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्याला तोड सुचली आणि हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या पानावरच त्याने ती उतरवून काढली. गरजेपेक्षा कितीतरी जास्त मोठा करणारा ॲम्प्लिफायर घ्यायचा आणि बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा काही भाग उलटा करून पुन्हा आत सोडायचा. मोठेपणा घटतो, पण त्याच प्रमाणात विकृतीही घटते. हाच निगेटिव्ह फीडबॅक. पेटंट मिळायला १९३७ चा डिसेंबर उजाडला. कष्टाने मिळवलेलं प्रवर्धन मुद्दाम फेकून द्यायचं, हे त्या काळच्या अभियंत्यांच्या पचनी पडणं कठीणच होतं.

मोजण्याची सोयही याच सुमारास आवाक्यात आली. १९३९ मध्ये ह्यूलेट आणि पॅकार्ड यांनी २००ए हा ऑसिलेटर (विजेच्या लहरी तयार करणारं यंत्र) ५४.४० डॉलरला विकायला काढला. शुद्ध साइन वेव्ह, म्हणजे निव्वळ एकच स्वर, स्वस्तात मिळू लागली. ती ॲम्प्लिफायरमध्ये सोडायची, बाहेर आल्यावर मूळ स्वर गाळून टाकायचा आणि जे काही उरेल त्याची टक्केवारी काढायची. उरलेल्यात नेमकं काय आहे, कुठला हार्मोनिक (मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट अशा फ्रीक्वेन्सीचा स्वर) किती, हे एका आकड्यात कळत नाही. पण एकच आकडा जाहिरातीत छापायला बरा.

आणि तो छापला गेला. इंग्लंडमध्ये लीक कंपनीने १९४५ मध्ये ‘पॉइंट वन’ नावाचा ॲम्प्लिफायर आणला, विकृती ०.१ टक्का, हेच नावाचं कारण. १९४७ च्या एप्रिल-मेमध्ये वायरलेस वर्ल्ड मासिकात डी. टी. एन. विल्यमसनने आपलं सर्किट प्रसिद्ध केलं: केटी६६ व्हॉल्व्हची जोडी, १५ वॅट, २० डेसिबल फीडबॅक आणि विकृती ०.१ टक्क्याच्या आत. देशोदेशींच्या हौशी मंडळींनी ते घरी बनवलं. हा तपशील मुद्दाम सांगतो आहे, कारण ‘व्हॉल्व्ह म्हणजे मोजमापात नापास’ हे सरसकट खरं नाही. आकड्यांची शर्यत व्हॉल्व्हच्याच काळात सुरू झाली आणि ती व्हॉल्व्हनेच जिंकून दाखवली होती. दुसरं म्हणजे विल्यमसनसारख्या पुश-पुल रचनेत दोन व्हॉल्व्ह समोरासमोर काम करतात आणि सम हार्मोनिक (दुसरा, चौथा असे) बऱ्याच अंशी परस्पर कटतात. ‘व्हॉल्व्हमध्ये सम हार्मोनिक असतात म्हणून तो गोड’ हे वाक्य दुकानात हमखास ऐकायला मिळतं, पण ते खरं तर एकट्या ट्रायोडच्या (तीन इलेक्ट्रोडच्या व्हॉल्व्हच्या) ॲम्प्लिफायरला लागू पडतं.

मग १९६० च्या दशकात ट्रान्झिस्टर आला. जड, महागडा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर गेला, उष्णता कमी झाली, फीडबॅक हवा तेवढा लावता येऊ लागला. कागदावर सगळंच सुधारलं होतं. तरीही सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा आवाज अनेकांना कोरडा, टोचणारा वाटला, आणि यात भाबडेपणा नव्हता. त्यांत एक ट्रान्झिस्टर लहरीचा वरचा अर्धा भाग सांभाळतो आणि दुसरा खालचा. हातबदल होताना मधे बारीकशी फट राहते. तिला क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन म्हणतात. फटीचा आकार साधारण ठरलेला असल्याने आवाज लहान केला की तिचं प्रमाण वाढतं. मोजणी मात्र बहुधा पूर्ण वॅटेजवर व्हायची, जिथे ती फट दिसतही नसे. एकट्या व्हॉल्व्हचं वागणं नेमकं उलटं आहे. त्याचे ते १० टक्के शेवटच्या टोकाला. आवाज घरगुती पातळीवर आणला की विकृतीही झपाट्याने उतरते. माणूस रात्री साडेदहाला अर्ध्या वॅटवर भीमसेन ऐकत असेल, तर पूर्ण वॅटेजवरचे टक्के त्याच्या काय कामाचे?

विकृती किती यापेक्षा ती कुठे पडते हे महत्त्वाचं, हेही नवं नाही. बेल सिस्टिममधल्याच वेगेल आणि लेन यांनी १९२४ मध्ये दाखवलं होतं, की मोठा स्वर आपल्या जवळच्या, विशेषतः आपल्याहून वरच्या, बारीक स्वरांना झाकून टाकतो. दुसरा हार्मोनिक मूळ स्वराच्या जवळ असतो, म्हणून झाकला जातो. सातवा, नववा दूर पडतात, म्हणून उघडे पडतात. बीबीसीच्या डी. ई. एल. शॉर्टरने १९५० मध्ये सुचवलं, की टक्के नुसते एकत्र न करता प्रत्येक हार्मोनिकला त्याच्या क्रमांकाच्या वर्गाला चारने भागून येईल तेवढं वजन द्यावं. म्हणजे दुसऱ्याचं वजन १, तिसऱ्याचं २.२५, पाचव्याचं ६.२५, नववा थेट २०.२५. या तराजूवर सौम्य वळणाचा ट्रायोड आणि फट असलेला ट्रान्झिस्टर यांच्यातलं अंतर पुष्कळ कमी होतं; कधी पारडं फिरतंही. सूचना चांगली होती, पण छापील तक्त्यांत तिने कधी मूळ धरलं नाही.

हार्मोनिकांची ही भाषा गाणं ऐकणाऱ्याला परकी नाही. सा धरला तर दुसरा हार्मोनिक तार सा, तिसरा तार सप्तकातला पंचम, चौथा त्याच्याही वरचा सा, पाचवा गंधार. नीट लावलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो हाच. सातवा मात्र कोमल निषादाच्या आसपास, पण त्याच्याही खाली पडतो आणि आपल्या स्वरव्यवस्थेत त्याला जागा सापडत नाही. तेव्हा एकट्या ट्रायोडने थोडा तार सा आणि त्याहून थोडा पंचम मिसळला तर ते भेसळ म्हणून खटकत नाही, आवाज भरल्यासारखा वाटतो. ज्या वाकडेपणातून हार्मोनिक जन्मतात त्यातूनच दोन स्वरांच्या फरकाचा तिसरा स्वरही जन्मतो, हे इथे विसरून चालत नाही. सा आणि पंचम एकत्र वाजले तर त्यांचा फरक मंद्र सा निघतो, चालून जातो. पन्नास वाद्यांच्या ऑर्केस्ट्रात असे शेकडो फरक तयार होतात आणि बहुतेक बेसूर असतात. म्हणून छोट्या सिंगल-एंडेड (शेवटी एकच व्हॉल्व्ह असलेल्या) ॲम्प्लिफायरवर ख्याल, गझल किंवा एकटी व्हायोलिन झकास वाजते आणि सिंफनीचा गाळ होतो. असे ॲम्प्लिफायर विकणारे डेमोला गाणी निवडून लावतात, ते उगाच नाही.

फीडबॅकवरही मग संशय आला. फिनलंडच्या मॅटी ओटालाने १९७० मध्ये लिहिलं, की फीडबॅकची साखळी संथ असेल तर अचानक येणाऱ्या आघाताला ॲम्प्लिफायर क्षणभर गुदमरतो आणि साइन वेव्हच्या चाचणीत हे दिसतच नाही. पुढे वेगवान ट्रान्झिस्टर आले आणि हा दोष मागे पडला, पण ‘फीडबॅक वाईट’ ही समजूत चिकटून राहिली. तिच्यात थोडं तथ्य आहे. पीटर बॅक्सँडॉलने १९७८ मध्ये दाखवलं, की फक्त दुसरा हार्मोनिक देणाऱ्या टप्प्याला थोडासा फीडबॅक लावला तर एकूण टक्के घटतात, पण पूर्वी नसलेले तिसरा, चौथा, पाचवा हार्मोनिक तयार होतात. बाहेर पडलेली विकृती पुन्हा आत जाऊन मूळ स्वरात मिसळते ना! भरपूर फीडबॅक लावला तर सगळेच दबतात. म्हणजे मधलीच अवस्था वाईट. ‘फीडबॅक अजिबात नको’ म्हणणारे यातलं अर्धंच वाचतात.

आतापर्यंतचं सगळं मान्य केलं तरी माझ्या अंदाजाने ‘व्हॉल्व्हचा आवाज’ म्हणून आपण जे ओळखतो त्याचा मोठा हिस्सा विकृतीचा नाहीच. तो आऊटपुट इम्पीडन्सचा, म्हणजे ॲम्प्लिफायरच्या स्वतःच्या विद्युत अडसराचा आहे. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी प्रत्यक्षात तो एका फ्रीक्वेन्सीला ६ ओहम आणि खर्जातल्या रेझोनन्सला (त्याच्या नैसर्गिक कंपनाला) ३० ओहमही असू शकतो. ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरचा स्वतःचा अडसर ओहमच्या शतांशात असतो, त्यामुळे त्याला फरक पडत नाही. कमी फीडबॅकच्या व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायरचा तो २ ओहम धरा. ६ ओहमला स्पीकरपर्यंत ७५ टक्के व्होल्टेज पोचतं, ३० ओहमला जवळपास ९४ टक्के. फरक सुमारे २ डेसिबल. म्हणजे स्पीकर जिथे अडतो तिथे आवाज आपोआप उचलला जातो. खर्ज गुबगुबीत होतो, मधला भाग जरा पुढे येतो. २ डेसिबलचा असा चढउतार बहुतेकांना ऐकू येतो, ०.१ टक्का दुसरा हार्मोनिक गाण्यात क्वचितच कुणाला.

आणखी एक बाजू आहे, टोकाला पोचल्यावर वागण्याची. रसेल हॅमने १९७३ मध्ये स्टुडिओतले मायक्रोफोन प्रीॲम्प्लिफायर मुद्दाम त्यांच्या मर्यादेपलीकडे नेऊन पाहिले. व्हॉल्व्ह हळूहळू दाबत जातो आणि खालचे हार्मोनिक देतो, ट्रान्झिस्टर एकदम छाटतो. गिटारवाल्यांना हे सांगायला कुणा प्रबंधाची गरज नव्हती. त्यांच्यासाठी ॲम्प्लिफायर हे वाद्यच असतं, आणि तिथे व्हॉल्व्हचं राज्य कधी संपलंच नाही.

१९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॅटेजच्या थापांना आळा घालायला नियम केला. वॅटसोबत विकृतीचे टक्केही छापणं आलं. नियम रास्त होता. पण तोच रकाना नंतर शून्यांच्या स्पर्धेचं मैदान झाला. नेमक्या त्याच दशकात जपानमध्ये आणि ज्याँ हिरागाच्या लिखाणामुळे फ्रान्समध्ये काही लोक उलट्या वाटेने निघाले आणि थिएटरसाठी बनलेल्या वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या ३००बीकडे वळले. १९३८ चा हा ट्रायोड एकटा असताना जेमतेम ८ वॅट देतो. त्याचं उत्पादन १९८८ मध्ये थांबलं, मागणीमुळे पुन्हा सुरू झालं, आणि आज तो अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या रॉसव्हिलमध्ये बनतो.

व्हॉल्व्हमध्ये मोजता न येणारं काहीतरी गूढ असतं, या म्हणण्याला मात्र १९८५ मध्येच उत्तर मिळालं होतं. स्टिरिओफाइल मासिकाच्या संपादकांना बॉब कार्व्हरने आव्हान दिलं: तुम्हाला आवडेल तो महागडा ॲम्प्लिफायर निवडा, माझ्या स्वस्त ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरमध्ये थोडे फेरफार करून मी तसाच वाजवून दाखवतो. त्यांनी व्हॉल्व्हचा निवडला. कार्व्हरने दोघांचे आऊटपुट एकमेकांतून वजा करत उरलेला फरक सुमारे ७० डेसिबल खाली आणला. संपादकांना दोन्ही वेगळे ओळखता आले नाहीत. म्हणजे जो काही गुण होता तो सगळा तारेवरच्या व्होल्टेजमध्ये होता, मोजता येणारा होता. मोजला जात नव्हता तो फक्त तक्त्यातल्या त्या एका आकड्याने.

अर्ल गेडेस आणि लिडिया ली यांनी २००३ मध्ये श्रोत्यांसमोर वेगवेगळ्या जातीच्या विकृती ठेवल्या. एकूण हार्मोनिक टक्केवारी आणि श्रोत्यांना आवाज किती बिघडलेला वाटतो, यांत त्यांना अर्थपूर्ण संबंध सापडला नाही. त्यांनी कानाच्या स्वभावाला धरून दुसरं मोजमाप सुचवलं. शॉर्टरचं झालं तेच त्याचंही झालं. छापील तक्त्यात आजही टक्केच असतात. डिझायनर मात्र शहाणे झाले आहेत. अमेरिकेचे नेल्सन पास यांनी दुसरा हार्मोनिक मुद्दाम, हवा तेवढा मिसळणारं एक छोटं सर्किट हौशी लोकांसाठी खुलं केलं आहे. स्वच्छ ॲम्प्लिफायरच्या आधी ते जोडायचं आणि बटण फिरवून चवीपुरती भेसळ करायची. त्यात एक फील्ड-इफेक्ट ट्रान्झिस्टर आहे. व्हॉल्व्ह एकही नाही.