‘रेडिओ कॉलर’ म्हणजे नेमकी कोणती? एका शब्दाची पार्श्वभूमी

वाघिणीला ‘रेडिओ कॉलर’ लावल्याची बातमी आली, की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मोबाइलच्या नकाशावर सरकणारा निळा ठिपका येतो. पुढे कधीतरी ‘कॉलरचा संपर्क तुटला’ अशी दुसरी बातमी येते आणि वनखाते झोपले होते का, अशी विचारणा सुरू होते. या गोंधळाला बऱ्याच अंशी तो शब्दच जबाबदार आहे. गेल्या पन्नास वर्षांत गळ्यातल्या पट्ट्यातले यंत्र पार बदलले, नाव मात्र पहिल्या यंत्राचेच चिकटून राहिले.

पट्ट्याआधीचा काळ ठशांचा. मागच्या डाव्या पंजाचा ठसा काचेवर गिरवायचा, कागदावर उतरवायचा आणि त्यावरून हा अमुक वाघ असे ठरवायचे. १९७२ ची १,८२७ वाघांची गणना याच पद्धतीने झाली. एकाच वाघाचा पंजा ओल्या चिखलात पसरट उमटतो, धुळीत आटोपशीर, आणि गिरवणारा हात बदलला की कडाही बदलते. तरी ही पद्धत तीसेक वर्षे चालली. २००४-०५ मध्ये राजस्थानातल्या सरिस्कात कागदावर वाघ होते आणि जंगलात एकही उरला नव्हता, तेव्हा ती सोडावी लागली. त्यानंतर जनावर समोरून गेले की आपोआप फोटो काढणारे कॅमेरा ट्रॅप मोजणीचा कणा झाले; त्या फोटोंत अंगावरच्या काळ्या पट्ट्यांवरून वाघ ओळखता येतो. पण मोजणे हे एक काम आणि एकाच जनावराच्या मागावर राहणे हे दुसरे. त्या दुसऱ्या कामासाठी गळ्यात काहीतरी अडकवावेच लागते.

‘रेडिओ कॉलर’ हे नाव ज्याला अक्षरशः लागू पडते ते यंत्र म्हणजे व्हीएचएफ (अतिउच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरींचा) पट्टा. अमेरिकेत १९६० च्या दशकात त्याचा वापर रुळला, १९७० च्या दशकात नेपाळच्या चितवनमधल्या वाघांच्या गळ्यात तो आला आणि १९९० पासून कर्नाटकातल्या नागरहोळेत. या पट्ट्याला स्वतःचे ठिकाण ठाऊक नसते. ठरलेल्या फ्रीक्वेन्सीवर तो टक्-टक् असा ठोका देत राहतो, एवढेच. प्रत्येक जनावराची फ्रीक्वेन्सी निराळी. ठिकाण शोधायचे ते माणसाने, हातात अँटेना आणि खांद्याला रिसीव्हर घेऊन.

शोधण्याची रीत अशी. उंचवट्यावर उभे राहून अँटेना गोल फिरवायचा. आवाज ज्या दिशेला सर्वांत मोठा येतो तिचा कोन होकायंत्रावर वाचायचा. मग जागा बदलून दुसरा कोन, जमल्यास तिसरा. नकाशावर रेघा जिथे छेदतात तिथे जनावर. दोन रेघांमधला कोन काटकोनाच्या जितका जवळ तितके बरे. दोन्ही जागा जवळजवळ असल्या तर रेघा एकमेकींना घासून जातात आणि छेदबिंदू किलोमीटरभर इकडे-तिकडे होतो. कोन वाचताना पाच अंशांची चूक झाली, तर दोन किलोमीटरवर ती सुमारे १७५ मीटर भरते. दोन नोंदींत अर्धा तास गेला, तर तेवढ्यात वाघ उठून चालू लागलेला असतो. दरीत तर सिग्नल समोरच्या कड्यावर आपटून उलट्या दिशेने मोठा ऐकू येतो. नवखा माणूस हमखास कड्याकडे चालत जातो. अनुभवी माणूस आधी रिसीव्हरचा आवाज कमी करतो आणि तरीही कोणत्या बाजूने ठोका येतोय ते पाहतो.

पट्टा काही तास अजिबात हलला नाही, की बहुतेक यंत्रांत ठोक्याचा वेग बदलतो. तो साधारण दुप्पट होतो. याला मृत्यूचा सिग्नल म्हणतात, पण गळून पडलेला पट्टाही तोच सिग्नल देतो. सरिस्कात २००८ मध्ये रणथंबोरहून हेलिकॉप्टरने आणलेला पहिला वाघ २०१० मध्ये विषप्रयोगाने मेला, तेव्हाही त्याच्या गळ्यात पट्टा होता. पट्टा राखण करत नाही. राखण करतो तो अँटेना घेऊन रोज चालणारा माणूस, आणि तो एखाद्या दिवशी गेला नाही तर व्हीएचएफ पट्ट्याची त्या दिवसाची नोंद शून्य.

दुसरे यंत्र उपग्रहाचे. १९७८ पासून चालत आलेल्या अर्गोस व्यवस्थेत प्राण्यावरचे यंत्र फक्त संदेश पाठवते. ध्रुवावरून फिरणारा उपग्रह डोक्यावरून जाताना त्या लहरीच्या फ्रीक्वेन्सीत जो बदल होतो त्यावरून जागा काढली जाते. जवळ येणाऱ्या आणि लांब जाणाऱ्या रेल्वेच्या शिट्टीत जो फरक पडतो, तोच हा. एका फेरीत चार-पाच संदेश पोहोचले तर चूक काहीशे मीटरची. एक-दोनच पोहोचले तर कित्येक किलोमीटरची. वाघासाठी हे फार ढोबळ, समुद्र ओलांडणाऱ्या पक्ष्यासाठी पुरेसे. २०१३ मध्ये नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर सौर विजेवर चालणारी पाच ग्रॅमची यंत्रे बसवली गेली. यंत्राचे वजन प्राण्याच्या वजनाच्या तीन टक्क्यांवर जाऊ नये, असा संकेत आहे. दीडशे ग्रॅमच्या आसपासच्या पक्ष्यावर पाच ग्रॅम म्हणजे त्या मर्यादेला टेकलेलेच.

कासवांचे गणित आणखी वेगळे. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या किनाऱ्यावर ‘प्रथमा’ या ऑलिव्ह रिडले मादीच्या पाठीवर असे यंत्र चिकटवले गेले. खाऱ्या पाण्यातून ही लहर बाहेर पडत नाही. म्हणून यंत्रात पाणी ओळखणारा स्विच असतो आणि कासव श्वास घ्यायला वर येईल तेवढ्या क्षणांत संदेश जातो. अँटेना मोडला, स्विचवर शेवाळ आणि शिंपले चढले, बॅटरी संपली, की संदेश थांबतात. ‘कासव बेपत्ता’ हा मथळा त्यामुळे बहुधा यंत्राविषयी असतो, कासवाविषयी नाही.

तिसरे यंत्र जीपीएस, आणि सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. जीपीएस हा निव्वळ ऐकणारा कान आहे. तो उपग्रहांचे संदेश ऐकून आपली जागा काढतो आणि आत साठवतो; कुणाला काही सांगत नाही. सांगण्याचे काम पट्ट्यातल्या दुसऱ्या यंत्राचे. ते मोबाइल नेटवर्कवर संदेश पाठवते, दुसऱ्या एखाद्या उपग्रह सेवेवर पाठवते, किंवा कुणी जवळ जाऊन रेडिओने माहिती उतरवून घेईपर्यंत गप्प बसते. म्हणजे ‘संपर्क तुटला’ याचे किमान तीन अर्थ होतात. जागा निघाली पण पाठवता आली नाही. दाट बांबूत किंवा घळीत जागाच निघाली नाही. किंवा बॅटरी संपली. पहिल्या प्रकारात जनावर रेंजमध्ये आले की साठलेल्या नोंदी एकदम येतात. २००० च्या मे महिन्यापर्यंत नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम सुमारे शंभर मीटरची चूक मिसळलेली असे. ती काढल्यानंतरच हे पट्टे खऱ्या अर्थाने कामाचे झाले.

या पट्ट्याने काय दिसू शकते ते टिपेश्वरच्या नर वाघाने दाखवले. २०१९ मध्ये पट्टा लावलेला हा वाघ विदर्भ-मराठवाड्यातून आणि तेलंगणातून फिरत ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत पोहोचला. सुमारे ३,००० किलोमीटर चाल, ५,००० हून अधिक नोंदी. शेते, रस्ते, नाले यांतून तो कसा वाट काढत गेला हे ठशांवरून कधीच कळले नसते. पण नोंदी दाट हव्यात तर बॅटरी लवकर संपते; दर तासाची नोंद आणि दर सहा तासांची नोंद यांत पट्ट्याच्या आयुष्याचा मोठा फरक पडतो. २०२० च्या एप्रिलमध्ये त्याचा पट्टा काढला गेला. आपोआप गळून पडणारे पट्टेही असतात. ते गळून पडतीलच असे मात्र नाही.

ताडोबाहून ओडिशातल्या सिमिलिपालला नेलेली झीनत ही वाघीण २०२४ च्या डिसेंबरात तिथून निघून झारखंड आणि मग पश्चिम बंगालमध्ये शिरली. पट्टा चालू होता, तरी ती बांकुऱ्यात पकडली गेली २९ तारखेला. नोंद हाती येईपर्यंत ती जागा जुनी झालेली असते. शेवटचे काही किलोमीटर अजूनही हातातल्या अँटेनावरच काढावे लागतात. म्हणूनच आजच्या जीपीएस पट्ट्यांतही जुना व्हीएचएफ ठोका ठेवलेला असतो.

या सगळ्यांत ‘चिप’ मिसळली, की घोटाळा पूर्ण होतो. कातडीखाली घालतात ती चिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि तिला बॅटरी नसते. स्कॅनर काही सेंटीमीटरवर नेला तरच ती आपला क्रमांक दाखवते. प्राणिसंग्रहालयात पिंजरे बदलताना आणि वंशावळ राखताना ती उत्तम. माग काढायला शून्य उपयोगाची. २००९ मध्ये माळशेजहून सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईपर्यंत आलेल्या ‘आजोबा’ या बिबट्याचा प्रवास पट्ट्यामुळे कळला. २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेने मेलेला बिबट्या तोच, हे चिपमुळे.

पट्ट्याने इजा होते का, हा वाद २०२३ च्या पावसाळ्यात, आफ्रिकेतून आणलेले चित्ते ठेवलेल्या मध्य प्रदेशातल्या कुनोत पेटला. जुलैमध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन चित्ते मेले. मानेवर आणि पाठीवर जखमा, त्यांत अळ्या. पट्ट्याला दोष देणे निराधार असल्याचे सुरुवातीला सांगण्यात आले, आणि लगेचच उरलेल्या चित्त्यांना कुंपणात घेऊन पट्टे काढण्यात आले. नंतर पुढे आलेले स्पष्टीकरण असे की दक्षिण गोलार्धाच्या सवयीने त्यांच्या अंगावर ऐन पावसात हिवाळी केस दाटले होते, त्यात ओल राहिली आणि परजीवी वाढले. हे खरे मानले तरी पट्टा निर्दोष ठरत नाही. ओले दाट केस, त्यावर घट्ट पट्टा, आणि जिथे जीभ पोहोचत नाही अशी मानेची जागा. माश्यांना अंडी घालायला याहून सोयीचे ते काय? पट्टा बसवताना दोन बोटे आत जातील एवढी जागा ठेवतात, पण ती कोरड्या केसांवर मोजलेली असते. त्याच दिवसांत निर्वा या मादीचा पट्टा बंद पडला आणि ती सापडायला तीन आठवडे लागले, ही त्या वादाची दुसरी बाजू.

पट्ट्यांखेरीज थेट चित्र दाखवणारे कॅमेरेही असतात; त्यांची गोष्ट त्या मानाने छोटी आहे. प्राणिसंग्रहालयात वीज आणि इंटरनेटची जोडणी असते, म्हणून तिथे चोवीस तास चित्र देता येते. जंगलात ‘लाइव्ह’ म्हणजे बहुधा हालचाल झाल्यावर मोबाइल नेटवर्कवरून आलेला एक फोटो, आणि तो गावाला सावध करण्यासाठी असतो. सफारीतल्या दर्शनाचे संदेश मात्र खरोखर तत्काळ फिरतात. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-करांडल्यात वाघीण आणि तिचे बछडे गाड्यांच्या गराड्यात सापडले, त्यानंतर सफारीत मोबाइल नेण्यावर निर्बंध आले.

पट्ट्याची माहिती झाकून ठेवण्याचे कारणही असेच. २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना जंगलातल्या एका वाघाच्या नोंदी ज्या ईमेलवर येत त्यात घुसण्याचा प्रयत्न झाला होता. त्यामुळे अमूर ससाणा अरबी समुद्रावर असतानाच त्याचा नकाशा लोकांपुढे येतो, आणि वाघाचा नकाशा वाघ तिथून केव्हाच पुढे गेल्यावर.