बेसूर की लाट? सेकंदाला साडेपाच ठोके

काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याच्या जोडीच्या तारेचा षड्ज सुमारे 138.6 हर्ट्झवर वाजतो, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. त्या एकाच तारेतून पाचवा उपस्वरही उमटतो, मूळ सुराच्या पाचपट, 693 हर्ट्झचा. गवई ज्याला स्वयंभू गंधार म्हणतात तो हाच. आता शेजारी की-बोर्डवर तेवढाच उंच गंधार दाबा. सप्तकाचे बारा सारखे भाग केलेल्या पट्टीत तो 698.5 हर्ट्झला बसवलेला असतो. फरक साडेपाच हर्ट्झचा, म्हणून आवाज सेकंदाला साडेपाच वेळा फुगतो आणि ओसरतो. हेच ठोके. तंबोऱ्यावर तयार झालेल्या कानाला हे सरळसरळ बेसूर.

इंडोनेशियातल्या बालीच्या गमेलान या वाद्यवृंदात मात्र असे ठोके मुद्दाम घडवलेले असतात. तिथली धातूच्या पट्ट्यांची वाद्यं जोडीने बनतात. पेंगुम्बांग किंचित उतरा, पेंगिसेप किंचित चढा. दोन्ही एकत्र वाजली की जी थरथर होते तिला ओम्बाक म्हणतात, म्हणजे लाट. तिचा वेग सेकंदाला साधारण 5 ते 8. म्हणजे की-बोर्डवाल्याला ज्या ठोक्यांवरून बोलणी खावी लागतात, तेच नसतील तर बालीतलं वाद्य निर्जीव ठरतं. म्हणून तंबोऱ्याचा आणि गमेलानचा असे दोन वादक ध्वनिप्रयोगाला एकत्र बसले की राग आणि ताल ठरवण्याआधी कुठले ठोके ठेवायचे आणि कुठले मारायचे हे ठरवावं, असं आमचं मत आहे.

सुरुवात मोजणीपासून. धातूची पट्टी खरवडल्याशिवाय तिचा सूर हलत नाही, तंबोऱ्याची खुंटी हलते. तेव्हा आधी पट्ट्या मोजायच्या आणि बाकीच्यांनी त्यांच्याकडे यायचं. जोडीतली एक पट्टी हाताने दाबून ठेवा, दुसरीवर आघात करा, चार सेकंद ध्वनिमुद्रण घ्या. आघाताचा सुरुवातीचा खणखणाट वगळा. चार सेकंदांच्या तुकड्यातून पाव हर्ट्झपर्यंतचा फरक सुटा दिसतो, एका सेकंदाच्या तुकड्यातून जेमतेम एक हर्ट्झचा. घाईत अर्ध्या सेकंदावर भागवलं तर ओम्बाकचा वेग कळतच नाही.

सिंथेसायझरवाल्याची नेहमीची चूक इथे होते. लाट हवी म्हणून तो दोन आवाज ठरावीक सेंटने (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग) सरकवतो. पण सेंट हे गुणोत्तर आहे; सप्तक वर गेलं की हर्ट्झमधला फरक दुप्पट होतो, आणि खाली डुलणारी लाट वर जाऊन गुरगुरू लागते. गमेलान बनवणारे मात्र लाटेचा वेग खालपासून वरपर्यंत साधारण सारखा राखतात. 6 हर्ट्झचा फरक 150 हर्ट्झच्या पट्टीवर 68 सेंट होतो आणि 1200 हर्ट्झवर जेमतेम 9. त्यामुळे सिंथेसायझरवर फरक हर्ट्झमध्येच बांधा.

षड्ज-पंचमाचाही भरवसा धरू नका. तारेचे उपस्वर मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे येतात, म्हणून पंचम जुळला की ते एकमेकांत विरघळतात. एकसारख्या जाडीच्या मोकळ्या धातुपट्टीचे वरचे सूर मात्र 2.76 पट आणि 5.4 पट येतात. खुंटी कितीही पिळली तरी ते तारेशी जुळणार नाहीत. तंबोरा खालच्या सप्तकात ठेवून पट्ट्यांवर मऊ टोकाची काठी वापरली तर भांडण बरंच निवतं, कारण कठीण आघातानेच ते वरचे सूर जास्त उठतात.

एवढं जमवून मंचावर जावं तर दिवे तापतात. हवा 20 अंशांवरून 28 वर गेली की बासरी सुमारे 23 सेंट चढते, कारण ऊन हवेत ध्वनीचा वेग वाढतो. पोलादी तार उलट सैल पडून उतरते. म्हणून शेवटची सूरजुळणी दिवे अर्धा तास पेटलेले असताना, प्रत्यक्ष मंचावरच करायची.

राहिला मायक्रोफोन. तंबोऱ्याच्या तबलीला पिझो चकती, म्हणजे कंपनांचं विजेत रूपांतर करणारी चकती, चिकटवून ती थेट मिक्सरला जोडली की खर्ज नाहीसा होतो आणि डबा वाजल्यासारखा आवाज येतो. दोष वाद्याचा नसतो. 27 मिलिमीटरची चकती म्हणजे साधारण 20 नॅनोफॅरडचा कॅपॅसिटर. मिक्सरच्या 10 किलोओहमच्या इनपुटवर ती सुमारे 800 हर्ट्झच्या खालचं सगळं पातळ करते. मध्ये 1 मेगाओहम इनपुटचा प्रीअँप (मिक्सरआधीचा छोटा अँप्लिफायर) टाकला की ही सीमा 8 हर्ट्झवर येते आणि खर्ज परततो.