टाकी घासली तिथेच चुकलं

भाचीचा गोल्डफिश, नाव बुंदी, श्रावणात गेला. ठाण्याहून बहिणीचा फोन आला तोवर तिने टाकी रिकामी करून भांड्यांच्या साबणाने घासली होती, खडे उन्हात वाळवले होते, फिल्टरमधला तपकिरी बुळबुळीत स्पंज टाकून नवा पांढराशुभ्र बसवला होता आणि नळाचं ताजं पाणी भरून दोन नवे गोल्डफिश सोडलेही होते. "आता कशी चकचकीत दिसतेय बघ!" सहाव्या दिवशी दोन्ही उलटे तरंगत होते. शेजारच्या काकू म्हणाल्या, घरावरचं संकट माशांनी अंगावर घेतलं. संकट वगैरे काही नव्हतं हो. टाकीत अमोनिया होता, आणि तो खाणारे सगळे जण त्या तपकिरी स्पंजाबरोबर ओल्या कचऱ्याच्या डब्यात गेले होते.

म्हणजे काय, तर मासा काही आपल्यासारखा युरिया बनवत बसत नाही. प्रोटीन पचवून उरलेला नायट्रोजन तो बहुतेक सगळा अमोनियाच्याच रूपात, आणि तोही मुख्यतः कल्ल्यांतून, सरळ पाण्यात सोडतो. नदीत किंवा तळ्यात हे चालून जातं. 40 लिटरच्या काचेच्या डब्यात हळूहळू साठत जातं.

आता यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, एक नुसता एनएच3 आणि दुसरा एक हायड्रोजन आयन चिकटलेला एनएच4+, म्हणजे अमोनियम. अमोनियमवर विद्युतभार आहे, त्यामुळे तो कल्ल्याच्या पडद्यातून सहज जात नाही. एनएच3 ला भार नाही, तो आरपार जातो. रक्तात जास्त आणि पाण्यात कमी असेल तर तो बाहेर पडतो, मासा खूश. पण पाण्यातच भरपूर झाला की बाहेर पडायचा उतारच संपतो आणि माशाचं स्वतःचं विष त्याच्या अंगातच राहतं. दोघांचं प्रमाण ठरतं पीएचवर, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे त्यावर. 25 अंशाला पीएच 7 असेल तर एकूण अमोनियातला साधारण अर्धा टक्काच एनएच3 असतो, पीएच 8 झाला की तोच 5 टक्क्यांवर जातो. पाणी तेच, अमोनिया तेवढाच, विष दहापट! म्हणून "आमच्याकडे इतक्याच पाण्यात इतकेच मासे मस्त जगतात" या वाक्याला, तुमचं पाणी धरणाचं की बोअरचं हे विचारल्याशिवाय काही अर्थ नसतो.

हा अमोनिया खाणारे सूक्ष्मजीव फिल्टरच्या स्पंजावर, खड्यांवर, काचेवर चिकटून राहतात. एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही वाईटच, त्याने हिमोग्लोबिनमधलं लोह बिघडतं, रक्त चॉकलेटी होतं आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा वर येऊन धापा टाकतो. नायट्रेट मात्र बरंच सौम्य.

हे जिवंत प्राणी करतात हे कळलं त्याची गोष्ट तर भारीच आहे. 1877 साली श्लोएझिंग आणि म्युंट्झ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडी भरलेल्या उभ्या नळीतून सांडपाणी हळूहळू सोडलं. 20 दिवस काहीच नाही, अमोनिया जसाच्या तसा. मग अचानक तो गायब होऊन नायट्रेट यायला लागलं. क्लोरोफॉर्मची वाफ सोडली तर काम थांबलं, बागेतल्या मातीचं पाणी घातलं तर परत सुरू. नुसती रासायनिक क्रिया असती तर 20 दिवस कशाला थांबली असती? त्यातलं गणित असं की आतड्यातले ई. कोलाय जीवाणू अनुकूल परिस्थितीत 20 मिनिटांत दुप्पट होतात, 7 तासांत एकाचे 20 लाख. आपले हे अमोनियावाले दिवसभरात जेमतेम एकदा दुप्पट होतात, म्हणजे आठवड्यात एकाचे 128. अमोनियातून ऊर्जाच किती कमी मिळते, आणि त्यातही शरीरासाठी लागणारा कार्बन झाडांसारखा कार्बन डायऑक्साइडमधून स्वतः बनवायचा, तोही अंधारात. (पुढे 2015 मध्ये दोन्ही पायऱ्या एकटाच करणारा नायट्रोस्पायरा जीवाणू सापडला, त्यातला एक तर मत्स्यपालनाच्या फिल्टरमध्येच! कोमॅमॉक्स म्हणतात त्याला, आणि त्याच्या एन्झाइमवर मी अजून दोन पानं लिहू शकतो, पण बहीण रागावेल.)

तर नियम सोपा आहे. मासा गेला की फिल्टर चालूच ठेवायचा, स्पंज फार तुंबला तर टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यात पिळायचा, नळाखाली धरायचा नाही, कारण क्लोरीन सूक्ष्मजीव मारण्यासाठीच घातलेलं असतं. दोन दिवसांआड चिमूटभर खाद्य टाकायचं म्हणजे त्यांची उपासमार होत नाही. अंगावर पांढरे ठिपके येऊन मासा गेला असेल तर त्या परजीवीला मासा मिळाला नाही की तो आपल्याकडच्या उबदार पाण्यात काही दिवसांत मरतो, मी तरी दोन आठवडे टाकीत मासा सोडत नाही. अपवाद एकच, मासा खंगत जाऊन पाठ वाकडी होऊन गेला असेल तर टीबीची शंका घ्यायची आणि मग खरंच सगळं घासायचं. तो जंतू माणसाच्या जखमेतूनही शिरतो, तेव्हा हातमोजे घाला. आणि दुकानदार प्रत्येक आजारावर ते निळं औषध देतात ना, ते याच सूक्ष्मजीवांना त्रास देऊ शकतं, त्यामुळे औषध वेगळ्या बादलीत.

बहिणीकडे मात्र शून्यापासून सुरुवात होती. बाटलीतले "24 तासांत टाकी तयार" वाले बॅक्टेरिया कधी चालतात कधी नाही, बाटली दुकानात किती महिने उन्हात होती त्यावर आहे. आम्ही नवसागर वापरला. हो, कल्हईवाला वापरायचा तोच, अमोनियम क्लोराइड, फक्त केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणला. पाण्याला आधी अँटीक्लोरीनचे थेंब, मग 40 लिटरला साधारण पाव ग्रॅम नवसागर, म्हणजे लिटरला 2 मिलिग्रॅम अमोनिया. मासा एकही नाही. भाची रोज टाकीचं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकून गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर रंग लिहायची, हिरवं म्हणजे अमोनिया, जांभळं म्हणजे नायट्राइट. "मामा, हिरवं." "मामा, आजपण हिरवंच." अकराव्या दिवशी हिरवं फिकं झालं आणि नायट्राइटची नळी जांभळी. मग ती जांभळी हलेचना, बहीण म्हणाली पुरे झालं आता, मी म्हटलं थांब. 31व्या दिवशी सकाळी पुन्हा नवसागर घातला आणि दुसऱ्या सकाळी दोन्ही नळ्या कोऱ्या. गौरी-गणपती गेले त्या आठवड्यात सुरू केलं होतं, दसरा उजाडला.

बरंचसं पाणी बदलून पाच गप्पी आणले. गोल्डफिशला 40 लिटर मुळात कमीच, हे तिला पटवायला महिनाभर लागला. (मलेरियावाले डासांच्या अळ्या खायला विहिरींत सोडतात तेच हे गप्पी.) पिशवी पंधरा मिनिटं तरंगत ठेवली, मासे जाळीने काढले, दुकानाचं पाणी बेसिनमध्ये. आता दर रविवारी पाव टाकी पाणी बदलतात आणि काढलेलं पाणी गॅलरीतल्या मोगऱ्याला जातं, त्यात नायट्रेट असतं ना.