उपाशीपोटीची रक्तशर्करा आणि तिचा अर्थ

किमान आठ तास पाण्याखेरीज काहीही न घेता तपासलेले रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण म्हणजे उपाशीपोटीची रक्तशर्करा. बोलण्यात तिला ‘फास्टिंग शुगर’ म्हणतात. ती मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये किंवा मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात; दुसऱ्या एककातील आकड्याला १८ ने गुणले की पहिला मिळतो. या नोंदीतील आकडे मिलिग्रॅममधले आहेत.

मधुमेहाच्या निदानासाठी १२६ ही रेषा धरली जाते. लक्षणे नसतील तर एका तपासणीवर निदान पक्के करत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करून घेतात. १९९७ पर्यंत ही रेषा १४० होती. डोळ्याच्या पडद्यावरचे मधुमेही बदल त्याहून बऱ्याच खालच्या पातळीपासून दिसतात, हे लक्षात आल्यावर ती खाली आणली गेली.

निदान झालेल्या माणसाने मात्र स्वतःचा आकडा या रेषांवर मोजायचा नसतो, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. लॅबच्या रिपोर्टमध्ये शेजारच्या रकान्यात ‘७० ते १००’ छापलेले असते, ११८ च्या पुढे बाण येतो आणि घरात काळजी सुरू होते. तो रकाना मधुमेह नसलेल्यांसाठी आहे. उपचार चालू असलेल्या बहुतेक प्रौढांसाठी ८० ते १३० हे उद्दिष्ट असते, म्हणजे ११८ हा चांगला आकडा. अनेक आजार असलेल्या वृद्धांसाठी उद्दिष्ट आणखी सैल, साधारण ९० ते १५०, ठेवतात. कारण त्यांना थोड्या वाढलेल्या साखरेपेक्षा अचानक उतरलेली साखर अधिक घातक. गर्भारपणात उलट कडक हिशोब: ९५ च्या खाली.

‘रात्री जवळजवळ काहीच खाल्ले नाही, तरी सकाळी १६० कशी?’ हा प्रश्न डॉक्टरांना नेहमी विचारला जातो. रात्रभर रक्तात साखर सोडण्याचे काम यकृत करते. ग्लायकोजेन या रूपात साठवलेल्या साखरेतून आणि प्रथिनांच्या विघटनातून मिळणाऱ्या द्रव्यांसारख्या कच्च्या मालातून ते ग्लुकोज तयार करते, आणि इन्शुलिन त्याला लगाम घालते. मधुमेहात हा लगाम ढिला पडतो. त्यामुळे सकाळचा आकडा कालच्या ताटापेक्षा रात्रीच्या यकृताबद्दल जास्त सांगतो. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील गोळीचा परिणाम या आकड्यावर ठळक दिसतो, कारण ते मुख्यतः यकृताची ही निर्मिती कमी करते. दीर्घकाळ काम करणाऱ्या इन्शुलिनचा डोसही प्रामुख्याने याच आकड्यावर बेतला जातो.

पहाटे कॉर्टिसॉल, वाढीचे संप्रेरक अशी इन्शुलिनविरोधी संप्रेरके वाढतात. निरोगी शरीर थोडे जास्त इन्शुलिन सोडून ते झाकून टाकते. मधुमेहात साखर चढते. याला ‘डॉन फिनॉमेनन’ म्हणतात. दुसरे स्पष्टीकरण मायकेल सोमोजी या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखले जाते: रात्री साखर फार उतरते आणि प्रतिक्रिया म्हणून सकाळी उसळते. ते ऐकायला पटते, पण सतत साखर नोंदवणारे सेन्सर आल्यावर त्याला फारसा आधार मिळाला नाही. रात्री साखर उतरलेल्यांची सकाळची साखर बहुधा कमीच आढळते. तरीही पहाटे दोन-तीन वाजता एकदा तपासणे उपयोगी ठरते. तेव्हाच साखर जास्त असेल तर उशिराचे जेवण किंवा अपुरे औषध, तेव्हा ठीक पण सातला जास्त असेल तर पहाटेची वाढ, आणि तेव्हा ७० च्या खाली असेल तर डोस जास्त झाल्याची शक्यता आधी पाहावी लागते.

एकाच सकाळच्या आकड्याला फार किंमत देऊ नये. अपुरी झोप, ताप, रात्री उशिरा जेवण यांनी तो हलतो. त्यात मोजमापाची चूक मिसळते. ग्लुकोमीटरच्या २०१३ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून वरच्या पातळीवर १५ टक्क्यांपर्यंतचा फरक स्वीकारार्ह आहे. म्हणजे खरी साखर १४० असताना पट्टीवर १२५ किंवा १५५ दिसले तरी यंत्र बिघडलेले नाही. फळ चिरून हात न धुता टोचले तर आकडा खोटाच वाढतो. लॅबमध्ये चूक उलट दिशेने होते: नळीतल्या रक्तपेशी साखर वापरत राहतात, म्हणून नमुना तसाच पडून राहिला तर दर तासाला ५ ते ७ टक्के साखर घटते. दोन-तीन आठवड्यांच्या नोंदींचा कल पाहणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग.

फास्टिंग ठीक आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी मात्र चढलेले, असेही होते. अशा वेळी बहुधा जेवणानंतरची साखर वाढत असते. सकाळी प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड घेणाऱ्यांत तर हे नेहमीचेच: सकाळचा आकडा निर्मळ, दुपारनंतर साखर चढलेली. फक्त फास्टिंग तपासणाऱ्याला ती दिसतच नाही.

खालच्या बाजूला ७० पासून सावध व्हावे. ५४ च्या खालची पातळी गंभीर. इन्शुलिन किंवा सल्फोनिलयुरिया (शरीरातले इन्शुलिन वाढवणाऱ्या गोळ्या) घेणाऱ्याची फास्टिंग रोज ७५ च्या आसपास येत असेल तर ते उत्तम नियंत्रण समजून खूश होण्यापूर्वी रात्रीची साखर पाहावी. वरच्या बाजूला २५० च्या पुढचा आकडा आणि सोबत उलट्या किंवा धाप असेल तर कीटोन, म्हणजे चरबी जळताना रक्तात साचणारी आम्ल द्रव्ये, तपासावे लागतात. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटातील गोळ्या घेणाऱ्यांत साखर २०० च्या आत असतानाही कीटोन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतात, म्हणून तिथे आकड्यापेक्षा लक्षणांवर विश्वास ठेवावा.