शून्य निर्यात सौर जोडणी

शून्य निर्यात सौर जोडणी : छतावरच्या सौर संचाची वीज घरातच वापरायची, कमी पडेल तेवढी वीजजाळ्यातून घ्यायची, पण उरलेली जाळ्यात जाऊ द्यायची नाही, अशी व्यवस्था. सोलर बसवणारे तिला ‘झिरो एक्स्पोर्ट’ म्हणतात. ऑफ-ग्रिड संचाशी तिची गल्लत होते. ऑफ-ग्रिड संच जाळ्याच्या आधाराविना चालतो. इथला इनव्हर्टर, म्हणजे पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारे यंत्र, मात्र जाळ्याच्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या विजेशी ताल जुळवूनच चालतो. म्हणून लाइट गेली की साधा झिरो एक्स्पोर्ट संचही भर उन्हात बंद पडतो. दुरुस्तीसाठी खांबावर चढलेल्या लाइनमनला घरातून उलटी वीज लागू नये, यासाठी हे बंद पडणे सक्तीचे असते. लोडशेडिंगमधून सुटका म्हणून संच घेणाऱ्यांना ही गोष्ट बहुधा पैसे भरल्यावर कळते.

घराने किती वीज ओढली हे इनव्हर्टरला आपोआप कळत नाही. त्यासाठी वीज कंपनीच्या मीटरनंतर, घरात शिरणाऱ्या मुख्य वायरीवर प्रवाह मोजणारे करंट ट्रान्सफॉर्मरचे कडे (सीटी) किंवा छोटा मीटर बसवतात. घरातली सगळी उपकरणे आणि सौर संच या जागेच्या आतल्या बाजूला असले पाहिजेत. एखाद्या वायरीचा फाटा या जागेच्या आधीच निघाला असेल तर हिशेब चुकतो. कड्यावरचा बाण उलटा बसला तर आत येणारी वीज बाहेर जाते आहे असे इनव्हर्टरला वाटते आणि तो गरज असतानाच उत्पादन आवरतो. मोजणी बहुधा आरएस-४८५ केबलने इनव्हर्टरकडे जाते. ही केबल तुटली तर संचाने उत्पादन थांबवावे, अशी सोय नीट बसवलेल्या संचात असते.

अडवलेली वीज जाते कुठे, हा नेहमीचा प्रश्न. ती कुठे साठत नाही, जमिनीतही सोडली जात नाही. ती तयारच होत नाही. एरवी इनव्हर्टर पॅनेलला जास्तीत जास्त शक्ती मिळेल अशा व्होल्टेजवर ठेवतो. निर्यात रोखायची वेळ आली की तो व्होल्टेज चढवतो, त्यामुळे प्रवाह घटतो. न वापरलेल्या उन्हाने पॅनेल थोडे अधिक तापते, एवढेच. पाण्याची मोटर अचानक बंद झाली तर इनव्हर्टर सावरेपर्यंत क्षणभर थोडी वीज बाहेर निसटतेच. म्हणून काही वॅट कायम जाळ्यातून घेत राहावेत, अशी मर्यादा लावतात. थ्री फेज घरात तिन्ही फेजची बेरीज शून्य धरायची की प्रत्येक फेज स्वतंत्र, हे आधी ठरवावे लागते. एका फेजवर वीज बाहेर जात असताना दुसऱ्यावर आत येत असू शकते.

एवढा खटाटोप करण्यामागे बऱ्याचदा मीटरच असतो. चकतीचे जुने मीटर उलट्या प्रवाहात उलटे फिरत. आताचे अनेक एकदिशा इलेक्ट्रॉनिक मीटर मात्र बाहेर गेलेले युनिटही वापर म्हणूनच मोजतात. नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा) न घेता वीज जाळ्यात सोडणारा माणूस स्वतःच्याच उन्हाचे बिल भरतो.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या छतावरील वीजनिर्मिती नियमांत, नेट मीटरिंग (बाहेर गेलेले युनिट वापरातून वजा होणे) किंवा नेट बिलिंग (वीज कंपनीला ठरलेल्या दराने वीज विकणे) न घेता मीटरच्या आतल्या बाजूला संच जोडण्यास मुभा आहे; मात्र वितरण कंपनीला आधी कळवणे बंधनकारक आहे. घरगुती ग्राहकाला नेट मीटरिंग मिळत असेल तर झिरो एक्स्पोर्टचा सौदा सहसा तोट्याचाच. पीएम सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांपर्यंतचे अनुदानही नेट मीटर बसून संच सुरू झाल्यावर मिळते. परदेशात चित्र वेगळे आहे. दुपारी छतांवरून येणारी वीज जाळ्याला झेपेनाशी झाल्यावर हवाईने ऑक्टोबर २०१५ मध्ये नव्या ग्राहकांचे नेट मीटरिंग बंद केले आणि निर्यात न करणाऱ्यांसाठी स्वतंत्र योजना आणली. स्पेनच्या २४४/२०१९ या शाही फर्मानात ‘अतिरिक्त विजेविना स्वयंवापर’ असा वेगळा वर्गच आहे. त्यात निर्यातरोधक यंत्रणा आवश्यक असते.

संच केवढा घ्यावा, हे वार्षिक बिलावरून नव्हे, दुपारच्या वापरावरून ठरते. ३ किलोवॅटचा संच कडक उन्हात अडीच किलोवॅट देऊ शकत असेल आणि घरात फक्त फ्रिज नि दोन पंखे मिळून ३०० वॅट ओढत असतील, तर २,२०० वॅटची क्षमता त्या क्षणी पडून राहते. धुण्याचे यंत्र, टाकीची मोटर, गीझर दुपारी चालवून यातले काही वाचते. पिठाची गिरणी, दवाखाना, दिवसभर एसी चालणारे दुकान यांना ही पद्धत घरापेक्षा जास्त मानवते. हायब्रिड (बॅटरीही जोडता येणारा) इनव्हर्टर आणि बॅटरी असेल तर उरलेले ऊन संध्याकाळी कामी येते, पण खर्च बराच चढतो.

कारखाने आणि मोठ्या सोसायट्यांत हेच तंत्र डिझेल जनरेटरसाठी लागते. वीज गेल्यावर जनरेटर सुरू झाला की इनव्हर्टर त्यालाच जाळे समजून चालू होतो. सौर वीज वापरापेक्षा जास्त झाली तर ती जनरेटरमध्ये उलटी शिरते, त्याला मोटरसारखी फिरवते आणि इंजिनाचे नुकसान होऊ शकते. अशा ठिकाणी निर्यात शून्यावर आणून भागत नाही. जनरेटरवर त्याच्या क्षमतेच्या साधारण ३० टक्के भार कायम राहील इतपत सौर उत्पादन आवरतात, आणि वर उलट-शक्ती रिलेही (वीज जनरेटरकडे उलटी वाहू लागताच जोडणी तोडणारे उपकरण) बसवतात.