आडनावाचे निराळे स्पेलिंग आणि बदललेले आडनाव

घराण्याचा इतिहास शोधताना एकाच कुटुंबाच्या नोंदींत आडनाव दोन तऱ्हांनी लिहिलेले आढळले, की ते कोणीतरी बदलले असावे असा तर्क लगेच केला जातो; प्रत्यक्षात पुष्कळदा तसे काहीच घडलेले नसते. एकाच आडनावाची अनेक स्पेलिंगे आणि जाणूनबुजून घेतलेले नवे आडनाव कागदावर सारखीच दिसत असली, तरी त्यांचा माग काढण्याची रीत अगदी वेगळी आहे.

स्पेलिंग बदलते ते मुख्यतः लिहिणाऱ्याच्या हातून. इंग्लंडमध्ये १५३८ साली प्रत्येक पॅरिशने, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील धर्मविभागाने, बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंदवही ठेवावी असा आदेश निघाला, तेव्हा धर्मगुरू किंवा कारकून आडनाव कानावर पडेल तसे लिहीत, आणि ज्याचे नाव लिहिले जाई त्याला बहुधा वाचता येत नसल्यामुळे ते दुरुस्त करून घेण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. साक्षरांचेही फारसे निराळे नव्हते. शेक्सपिअरच्या उपलब्ध सहा सह्यांतही स्पेलिंग एकसारखे नाही. त्यामुळे त्या काळातील आडनावाचे ‘खरे’ स्पेलिंग कोणते, हा वाद मला व्यर्थ वाटतो.

आडनाव बदलण्यामागे मात्र निर्णय असतो आणि बहुधा कारणही. जर्मनीशी युद्ध चालू असताना, १९१७ साली, पाचव्या जॉर्जने राजघराण्याचे नाव सॅक्स-कोबर्ग-गोथा सोडून विंडसर केले आणि त्याच वर्षी त्याच्या नात्यातील बॅटनबर्ग घराणे माउंटबॅटन झाले. सामान्य माणसाच्या बाबतीत असा जाहीरनामा सापडणार नाही, पण बदलाचा काळ बहुतेक वेळा निश्चित करता येतो. (न्यूयॉर्क बंदरातील एलिस आयलंड या तपासणी केंद्रावरच्या अधिकाऱ्यांनी अमेरिकेत येणाऱ्या स्थलांतरितांची आडनावे बदलली, ही आवडती कथा येथे बाजूला ठेवावी; कारण ते अधिकारी जहाज कंपन्यांनी आधीच तयार केलेल्या प्रवासी याद्यांवरून काम करत, आणि पुष्कळांनी आडनाव नंतर स्वतःच बदलले.)

दोहोंतील फरक ओळखण्यासाठी नोंदी कालक्रमाने मांडाव्यात. स्पेलिंगचा भेद मागेपुढे होत राहतो: थोरल्या मुलाच्या नोंदीत एक रूप, धाकट्याच्या नोंदीत दुसरे, आणि बापाच्या दफनाच्या नोंदीत पुन्हा पहिले. बदललेले आडनाव एका टप्प्यानंतर सहसा परत येत नाही, आणि भावाने ते घेतले नसेल तर घराण्याच्या दोन शाखा दोन नावांनी पुढे जातात.

जुन्या नोंदींत आडनावे शोधून देणाऱ्या शोधयंत्राला हा फरक कळत नाही. १९१८ साली अमेरिकेत पेटंट मिळालेली साउंडेक्स पद्धत सारख्या उच्चाराची नावे एकत्र यावीत म्हणून आडनावाचे पहिले अक्षर आणि तीन अंक यांचा संकेत बनवते. तिच्यात स्मिथ, स्मायथ आणि जर्मन श्मिट या तिन्हींचा संकेत ‘एस ५३०’ येतो, म्हणजे भेद आणि बदल एकाच खणात पडतात. उलट, उच्चाराने जवळची असलेली कार आणि केर ही आडनावे एक सी आणि दुसरे के या अक्षराने सुरू होत असल्याने ‘सी ६००’ आणि ‘के ६००’ अशी वेगळी होतात. म्हणून पहिले अक्षर बदलून दुसरा शोध नेहमी करावा, आणि हाती आलेल्या प्रत्येक नावाची वय, ठिकाण व साक्षीदार यांच्याशी पडताळणी होईपर्यंत त्याला वंशावळीत जागा देऊ नये.